शातो मार्गोची बाटली: विकत घेण्यापासून पेल्यात ओतण्यापर्यंत, योग्य क्रमानं

"भावानं पॅरिसहून शातो मार्गो ही लाल वाइन आणली. एवढे पैसे मोजले, आणि लागली कडवट नि गढूळ. बाटली खराब होती का?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी आधी उलट विचारतो: जेवणाच्या दोन दिवस आधी बाटली कुठे होती? उत्तर ठरलेलं असतं. कपाटात आडवी होती, पाहुणे आल्यावर काढली, लगेच उघडली, ओतली. बाटली बहुतेक वेळा चांगलीच असते. ती खराब होते शेवटच्या काही तासांत, आपल्या घाईनं आणि आपल्या उकाड्यानं.

म्हणून हा लेख फक्त कृतीचा आहे. शातो मार्गो ही फ्रान्समधल्या बोर्दोतली एक इस्टेट, म्हणजे द्राक्षबागा आणि वाइन बनवण्याची जागा; तिचा इतिहास आणि कौतुक यात नाही. जी माहिती बाटली हाताळताना कामी येते तेवढीच घेतली आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. यातल्या बऱ्याचशा गोष्टी बोर्दोच्या कुठल्याही जुन्या लाल वाइनला लागू पडतात.

१. आधी लेबल नीट वाचा

सगळ्यात महागडी चूक इथेच होते. "मार्गो" हे गावाचंही नाव आहे, त्या भागातल्या वाइनच्या अधिकृत प्रदेशनामाचंही आणि एका विशिष्ट इस्टेटीचंही. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर मेदोक नावाचा पट्टा आहे. त्यातल्या मार्गो, कान्तनाक, सूसां, लाबार्द आणि आर्साक या गावांच्या परिसरातल्या द्राक्षबागांना लेबलवर "मार्गो" हे प्रदेशनाम लावता येतं. बोर्दोच्या वाइनची १८५५ मध्ये जी अधिकृत श्रेणीवारी झाली, तीत बसलेल्या तब्बल २१ इस्टेटी या एका प्रदेशात आहेत. पामेर, रोझां-सेग्ला, जिस्कूर ही त्यांतली काही नावं. या सगळ्यांच्या बाटलीवर "मार्गो" हा शब्द असतोच. वाइन उत्तम असेल, पण ती शातो मार्गो नव्हे.

त्यामुळे लेबलवर तीन ओळी शोधा. मोठ्या अक्षरांत "शातो मार्गो" हे पूर्ण नाव. त्याखाली दर्जाची ओळ, "प्रमिये ग्राँ क्रू क्लासे", म्हणजे पहिली श्रेणी. आणि "मीझ आँ बुतेय ओ शातो", म्हणजे वाइन इस्टेटीतच बाटलीबंद केली आहे. दर्जाची ओळ नसेल तर हातातली बाटली मुख्य वाइनची नाही.

इस्टेटीच्या स्वतःच्याच आणखीही वाइन आहेत, आणि गोंधळ वाढतो तो त्यांच्यामुळे:

- पाव्हियाँ रूज: इस्टेटीची दुसरी लाल वाइन. मुख्य मिश्रणात न घेतलेल्या वाइनमधून निवडून केलेली. लवकर पिण्याजोगी होते.
- मार्गो द्यु शातो मार्गो: तिसरी लाल वाइन, २००९ च्या हंगामापासून. नाव इतकं सारखं आहे की फोनवर ऑर्डर देताना हमखास चूक होते.
- पाव्हियाँ ब्लाँ: पांढरी वाइन, पूर्णपणे सोव्हिन्यों ब्लाँ द्राक्षाची. हिच्या लेबलवर मार्गोऐवजी "बोर्दो" लिहिलेलं असतं, आणि लोक तिला नकली समजतात. कारण साधं आहे: मार्गो हे प्रदेशनाम फक्त लाल वाइनसाठी आहे.

आणखी एक अपवाद लक्षात ठेवा. २०१५ सालच्या मुख्य वाइनची बाटली काळी आहे, तिच्यावर नेहमीचं कागदी लेबल नाही, छपाई सोनेरी आहे. इस्टेटीचे दीर्घकाळचे व्यवस्थापक पॉल पोंतालिये २०१६ मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ ती तशी काढली. त्या सालासाठी तीच खरी बाटली.

तपासा: पैसे देण्यापूर्वी नाव, दर्जाची ओळ आणि साल, या तिन्हींचा स्पष्ट फोटो मागवून घ्या. "मार्गो आहे ना, मग तीच" असं म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

२. विकत घेताना: पातळी, बूच आणि बाटलीचा प्रवास

इस्टेटीच्या दारात जाऊन ही वाइन मिळत नाही. शातो मार्गो आपला माल बोर्दोतल्या नेगोसियाँना, म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांना विकते आणि तिथून तो जगभर जातो. भेट द्यायची तर आधी वेळ ठरवूनच जावं लागतं. फिरायला निघालेले आपले लोक भाड्याची गाडी घेऊन थेट फाटकापर्यंत जातात आणि झाडांच्या रांगेचा फोटो काढून परततात. तसंच, "थेट शातोमधून घरपोच" असं सांगणारी जाहिरात दिसली तर दूर राहा.

दुसरा गैरसमज आँ प्रिमर खरेदीचा. यात हंगामानंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपात असतानाच, पैसे भरायचे असतात. मुख्य वाइन साधारण दीड ते दोन वर्षं ओकच्या नव्या पिंपांत राहते, त्यानंतर बाटलीत भरली जाते. म्हणजे आज पैसे भरून येत्या दिवाळीला बाटली मिळणार नाही. ज्याच्याकडे पैसे भरताय तो व्यापारी पुढची दोन वर्षं टिकून राहील का, हे आधी पाहायचं.

आता जुन्या बाटलीची तपासणी. बाटली उभी धरा आणि वाइनची पातळी पाहा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळाशी असेल तर उत्तम. खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तर तीस वर्षांपुढच्या बाटलीत चालतं. खांद्याच्या मध्यावर असेल तर बुचातून हवा आत जात राहिली आहे, जोखीम मोठी आहे. त्याहून खाली असेल तर शोभेसाठी घ्या, पिण्यासाठी नको. उलटही ध्यानात ठेवा: बाटली पन्नास वर्षांची आणि पातळी अगदी नव्यासारखी गळ्यापर्यंत असेल, तर बूच पुन्हा कधी बदललं होतं का, आणि कुणी, हे विचारा.

मग फॉइल, म्हणजे बूच आणि मान झाकणारं पातळ आवरण. बूच फॉइलला वर ढकलत असेल, किंवा फॉइलखाली चिकट ओघळ सुकलेला दिसत असेल, तर बाटली उष्णतेत राहिली आहे. उष्णतेनं वाइन फुगते, बूच सरकवते, बाहेर झिरपते आणि थंड झाल्यावर हवा आत ओढून घेते. भारतात आलेल्या बाटल्यांत मला सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच.

सावधान: विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानात प्रखर दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. तीच वाइन आतल्या गारव्यातून, पेटीतून काढून द्यायला सांगा. बहुतेक दुकानदार देतात.

३. घरी आणणं आणि विश्रांती

परदेशातून भारतात येताना एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात. तिसरीनं मर्यादा ओलांडली जाते. शहरातल्या दुकानातून घेतलेली बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानातच टाकावी लागते. ती कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. खरेदीचं बिल जवळ बाळगा. एवढ्या किमतीच्या बाटलीबद्दल कस्टममध्ये विचारणा होणं स्वाभाविक आहे, तेव्हा शंका असेल तर लाल मार्गानं जाऊन जाहीर करा.

घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात उघडायची नाही. तरुण वाइनला किमान दोन आठवडे आडवी, गार, अंधारात ठेवा. वीस वर्षांपुढच्या बाटलीला महिनाभर द्या. प्रवासात गाळ सगळीकडे मिसळलेला असतो आणि तो बसायला वेळ लागतो. "भाऊ रविवारी आला, सोमवारी उघडली" या एका वाक्यात निम्म्या तक्रारींचं मूळ आहे.

४. साठवण: आपला उन्हाळा हाच मोठा शत्रू

या वाइनला १२ ते १४ अंश सेल्सिअस, अंधार, बऱ्यापैकी दमटपणा आणि स्थिरता लागते. पुण्यात, नाशकात, नागपुरात एप्रिल-मेमध्ये बंद घराचं तापमान कुठवर जातं ते तुम्हाला माहीत आहे. एका उन्हाळ्यात बाटलीचं जे नुकसान होतं ते नंतर कितीही गार ठेवली तरी भरून येत नाही.

उपाय तीनच. वाइनसाठीचा छोटा फ्रिज घ्या आणि तो १३ अंशांवर लावा. किंवा ज्याच्याकडून घेतली त्याच्याच थंड गोदामात, लागेल तोवर राहू द्या. किंवा बाटली पुढच्या काही आठवड्यांत पिऊन टाकायची हे ठरवूनच घ्या. घरातला नेहमीचा फ्रिज महिना-दीड महिन्यापुरता चालतो. त्यापुढे त्याच्या कोरड्या हवेत बूच आखडण्याची भीती असते. आणि ठेवायचीच तर खालच्या कप्प्यात, मागे. दारात नको, तिथे दर वेळी हिसका बसतो.

सावधान: कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या बाटलीजवळ डांबराच्या गोळ्या किंवा कापूर नको. तीव्र वास दीर्घकाळ जवळ राहू देणं ही उगाच घेतलेली जोखीम आहे.

५. उघडायची वेळ झाली आहे का?

शातो मार्गोच्या बागेत काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष प्रमुख आहे, जोडीला मेर्लो, थोडं काबर्ने फ्राँ आणि पती व्हेर्दो. काबर्नेमुळे तरुणपणी वाइनमध्ये टॅनिन भरपूर असतं. कच्चं केळं किंवा कच्ची सुपारी चावल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आखडतात, तोच परिणाम. काळाबरोबर हे टॅनिन मऊ होतं आणि त्याचाच काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: मुख्य वाइन चांगल्या सालाची असेल तर पंधरा वर्षांच्या आत हात लावू नये, वीस-पंचविसाव्या वर्षी ती खुलते. २०१५ आणि २०१६ या दोन्ही सालांना अजून बराच पल्ला आहे. १९९६, २००० या सालांच्या नीट सांभाळलेल्या बाटल्या आता उघडायला हरकत नाही. पाव्हियाँ रूज आठ-दहा वर्षांनी छान लागते. म्हणूनच लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला काय घेऊ, असं कुणी विचारलं की मी मुख्य वाइन सुचवत नाही. चांगल्या सालाची, दहा वर्षांची पाव्हियाँ रूज घ्या. पैसेही वाचतील आणि त्या संध्याकाळी पेल्यात प्रत्यक्ष जास्त आनंद मिळेल.

६. दोन दिवस आधी: बाटली उभी करा

सगळ्यात सोपी पायरी, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात.

आडव्या बाटलीत गाळ एका बाजूला, लांबलचक पसरलेला असतो. ती तशीच उघडून ओतली की पहिल्या पेल्यापासून गढूळ वाइन. तो गाळ कडू असतो, जिभेवर वाळूसारखा लागतो आणि वाइनचा मऊपणा पार झाकून टाकतो. बाटली उभी केली की तो हळूहळू घसरून तळाच्या कडेला गोळा होतो.

दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीला एक दिवस पुरतो. वीस वर्षांपुढे किमान दोन दिवस द्या, तीस वर्षांपुढे चार-पाच. उभी करताना झटका नको: एका हातानं तळ, दुसऱ्यानं मान धरून सावकाश फिरवा. ठेवायची तीही गारव्यात. वाइनचा फ्रिज नसेल तर स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करून तिथे उभी करा, आणि घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा की तिला हलवायचं नाही.

तपासा: एक दिवसानं, बाटली न उचलता, मागून मोबाइलचा टॉर्च लावून पाहा. वरचा भाग स्वच्छ आणि तळाशी गडद कडा दिसली की काम झालं. २०१५ च्या काळ्या बाटलीत असं काही दिसणार नाही. तिथे वेळेवरच भिस्त.

७. त्या दिवशी सकाळी: पेले, जग आणि घरातले वास

पेले मोठ्या पोटाचे, वर किंचित निमुळते हवेत. नक्षीदार जाड काचेचे नकोत. लाकडी कपाटात उपडे ठेवलेल्या पेल्यांना कोंदट वास येतो, आणि मग दोष वाइनवर जातो. साबणाशिवाय गरम पाण्यानं धुवा, स्वच्छ सुती कापडानं पुसा, उभे ठेवा. कापडाला सुगंधी द्रावणाचा वास नाही ना, हे हुंगून बघा.

डिकँटर, म्हणजे बाटलीतली वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं, नसेल तर अडू नका. स्वच्छ काचेचा, रुंद तोंडाचा जग उत्तम काम देतो. मात्र तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, मग ते कितीही सुंदर असो. वाइन आम्लधर्मी असते, चिंच-ताकासारखीच ती या धातूंशी झगडते.

संध्याकाळी उदबत्ती, धूप, सुगंधी मेणबत्ती बंद. मिरचीची खमंग फोडणी पाहुणे यायच्या दोन तास आधी उरकून घ्या आणि खिडक्या उघडा. अत्तर लावून बसलेल्या माणसाला या वाइनचा अर्धाच अनुभव मिळतो, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही.

८. तापमान: "रूम टेम्परेचर" विसरा

लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यावी, हा सल्ला थंड प्रदेशातल्या दगडी घरांतून आला आहे. तिथल्या खोलीत १७-१८ अंश असायचे. आपल्या खोलीत २८ ते ३२ असतात. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात झोंबतं, फळाचा सुवास दबतो आणि वाइन पातळ, उष्ण लागते. उलट थेट फ्रिजमधून पाच अंशांवर दिली तर सुवास मुका होतो आणि टॅनिन बोचतं.

पेल्यात १७-१८ अंश हवेत. पण आपल्याकडे पेल्यातली वाइन झपाट्यानं तापते, म्हणून ओतताना १५-१६ अंश धरा. पंखा-एसीचा विचार करून हा आकडा एखाद अंशानं पुढेमागे करा.

१) बाटली फ्रिजमध्ये उभी असेल तर उघडण्याच्या साधारण पाऊण तास आधी बाहेर काढा, टेबलावर उभी ठेवा.
२) वाइनच्या फ्रिजमध्ये १३ अंशांवर असेल तर दहा-पंधरा मिनिटं पुरतात.
३) बाटली तरुण आहे, गाळ नाही आणि खोलीतच तापली आहे, अशा वेळी बर्फ आणि पाणी मिसळलेल्या बादलीत पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फात नको. पाण्यानं गारवा सगळीकडून सारखा लागतो.

जुन्या बाटलीला बादली दाखवायचीच नाही. आत-बाहेर करताना गाळ उठतो आणि दोन दिवसांची उभी तपश्चर्या वाया जाते.

पाव्हियाँ ब्लाँ असेल तर १०-१२ अंश. तीही फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नका.

सावधान: पेल्यात बर्फ टाकायचा नाही. वाइन तापलीच तर जग पाच मिनिटं गार पाण्यात उभा करा.

९. बूच काढणं

या वाइनचं बूच लांब असतं आणि जुन्या बाटलीत ते भुसभुशीत झालेलं असतं. म्हणून हत्यार वयानुसार निवडा.

पंधरा वर्षांपर्यंत वेटर वापरतात तो दोन टप्प्यांचा साधा कॉर्कस्क्रू. वीस वर्षांपुढे दोन पात्यांचा चिमटा, जो बुचाला भोसकत नाही, दोन्ही बाजूंनी कवेत घेतो. विजेवर चालणारा किंवा हवा भरून बूच उडवणारा ओपनर जुन्या बाटलीवर कधीच नको.

क्रम असा. बाटली टेबलावरच उभी राहू द्या, मांडीवर किंवा गुडघ्यांत धरू नका. फॉइल ओठाच्या खालून कापा. जुनी बाटली असेल तर संपूर्ण मानेवरचं फॉइल काढून टाका, पुढच्या पायरीला मान स्वच्छ दिसायला हवी. बुचावर काळसर बुरशी दिसेल. घाबरू नका, ती दमट तळघराची खूण आहे. ओल्या कापडानं ओठ आणि बूच पुसा, मग कोरड्या कापडानं.

कॉर्कस्क्रू मधोमध, सरळ घाला. शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या म्हणजे टोक खालून फुटून भुसा वाइनमध्ये पडत नाही. चिमटा असेल तर लांब पातं आधी, मग आखूड. दोन्ही काचेला लगटून, आळीपाळीनं हलके झुलवत खाली. बूच आत सरकतंय असं वाटलं तर लगेच थांबा आणि पाती दुसऱ्या बाजूनं घाला. नंतर ओढायचं नाही, पिळत पिळत वर घ्यायचं.

बूच अर्ध्यात तुटलं तर कॉर्कस्क्रू तिरका घालून उरलेला तुकडा बाटलीच्या भिंतीला दाबत काढा. तोही आत पडला तर पडू द्या. काड्या, सुया, चमचे घालून झटापट करू नका, त्यानंच गाळ ढवळतो. चहाची स्टीलची गाळणी नवी, बिनवासाची असेल तर डिकँटरवर धरून गाळून घ्या.

तपासा: निघालेल्या बुचावर इस्टेटीचं नाव आणि साल वाचा. लेबलवरच्या सालाशी जुळलंच पाहिजे. जुळलं नाही, तर बाटली आणि बूच दोन्ही जपून ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.

१०. पहिला घोट, घाई न करता

पेल्यात जेमतेम दोन चमचे वाइन घ्या, बाटली फार न कलंडवता. हुंगा. ओल आलेल्या भिंतीचा, भिजून वाळलेल्या रद्दीचा वास येत असेल आणि फळाचा वास जवळपास नसेल, तर तो बुचाचा दोष आहे. तो हवेनं जात नाही, उलट वाढतो. व्हिनेगरचा उग्र वास आणि वयाच्या मानानं फारच तपकिरी झालेला रंग म्हणजे हवा किंवा उष्णता लागली आहे.

मात्र वीस-तीस वर्षं बंद राहिलेली निर्दोष बाटलीही पहिल्या मिनिटाला कोंदट वाटू शकते. दहा मिनिटं पेला तसाच ठेवा, पुन्हा हुंगा. कोंदटपणा विरून चामडं, सुकं गुलाबफूल, काळ्या मनुका, देवदाराची पेटी असं काही वर येऊ लागलं तर बाटली ठीक आहे. एकदा एका घरी यजमानांनी पहिल्याच वासाला बाटली नासकी ठरवून बाजूला सारली. तासाभरानं, सगळे जेवून उठल्यावर, मी तळाचा पेला हुंगला. त्या वासाची आठवण आजही मला हळहळायला लावते.

११. गाळ वेगळा करणं

डिकँटर, दिवा आणि एक स्थिर हात. मेणबत्तीऐवजी मोबाइलचा टॉर्च वर तोंड करून टेबलावर ठेवा. तो मेणबत्तीसारखी बाटलीची मान तापवत नाही.

१) बाटली उचलताना गाळाची बाजू खाली राहील अशी धरा.
२) मान टॉर्चच्या वर येईल अशी धरा, खांदा आणि मान जुळतात तिथून उजेड आरपार दिसला पाहिजे.
३) एकाच संथ धारेत ओता. धार डिकँटरच्या भिंतीवरून उतरू द्या. मध्ये थांबून बाटली सरळ करायची नाही. एकदा जरी सरळ केली तरी आतली लाट सगळा गाळ उठवते.
४) शेवटी शेवटी खांद्याशी धुरासारखी बारीक रेघ येताना दिसेल. ती मानेत शिरायच्या आत थांबा.

बाटलीत पन्नासेक मिलिलिटर उरेल. "एवढी महाग वाइन, फेकायची कशी" म्हणून ती शेवटच्या पेल्यात ओतली जाते आणि ज्याला तो पेला मिळतो त्याची संध्याकाळ कडू होते. उरलेलं मलमलीतून गाळून मटणाच्या रश्श्यात घाला, पाहुण्याला देऊ नका.

१२. किती वेळ उघडी ठेवायची?

डिकँटर करण्याची दोन कारणं असतात आणि लोक ती एकत्र करतात. एक, गाळ काढणं. दोन, हवा देणं. तरुण वाइनला हवा हवी असते. जुनीला हवा जपून द्यायची असते.

दहा वर्षांच्या आतली मुख्य वाइन उघडायचीच ठरली तर तीन-चार तास डिकँटरमध्ये ठेवा. दहा ते वीस वर्षांना एक-दोन तास. वीस ते तीसमध्ये अर्धा तास खूप झाला. तीसच्या पुढे गाळ काढला की लगेच ओता, तिचा सुवास पाऊण-एक तासात उडून जाऊ शकतो. हे आकडे सुरुवातीसाठी. दर वीस मिनिटांनी एक घोट घेऊन पाहणं कुठल्याही तक्त्याहून भरवशाचं.

त्यामुळे जुनी बाटली असेल तर पाहुणे येण्याआधी ती उघडून ठेवू नका. आपल्याकडे साडेसातची वेळ दिलेली माणसं साडेआठला येतात. सगळे बसल्यावरच बूच काढा.

१३. ओतणं आणि जेवण

पेला एक तृतीयांशच भरा. गाळ वजा जाता सातशे मिलिलिटर उरतात. सहा जणांना प्रत्येकी शंभर-सव्वाशे येतात. आठांच्या वर माणसं असतील तर दुसरी बाटली हवी, नाहीतर सगळ्यांना नुसती चव मिळते. आणि ही वाइन व्हिस्कीनंतर देऊ नका. जीभ आधीच बधिर झालेली असते.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे. तांबडा रस्सा, ठेचा, चिंच-गुळाची आमटी, सोलकढी, लोणचं यांच्यासोबत ही बाटली उघडू नये. तिखटानं टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जाळतात, आंबटानं वाइन फिकी पडते, आणि श्रीखंडाबरोबर तर ती निव्वळ आंबट लागते. ते पदार्थ दुसऱ्या दिवशी करा. त्या संध्याकाळी मीठ, मिरपूड आणि लसूण लावून मंद आचेवर भाजलेलं मटण, सोबत लोण्यात परतलेले बटाटे. मेदोकमध्ये तिथल्याच पोयाक गावाचं कोवळं मेंढीचं मांस याच साधेपणानं भाजून या वाइनसोबत वाढतात. शाकाहारी ताटात लोणी-लसणीवर परतलेले मशरूम, निखाऱ्यावर भाजून फक्त मीठ-तेल घातलेलं वांगं, अक्रोड आणि कडक चीज. मांसातल्या आणि चीजमधल्या प्रथिनांमुळे टॅनिन मवाळ वाटतं, म्हणून ही जोडी जमते.

१४. उरलेली वाइन, रिकामी बाटली

तरुण वाइन उरली तर छोट्या बाटलीत अगदी काठोकाठ भरा, बूच लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चांगली राहते. जुनी वाइन त्याच रात्री संपवा. डिकँटर लगेच कोमट पाण्यानं विसळा, साबण नको, आणि तोंड खाली करून निथळत ठेवा. रात्रभर ठेवलात तर तांबडा डाग धरतो.

रिकामी बाटली भंगारवाल्याला तशीच देऊ नका. या दर्जाच्या मूळ रिकाम्या बाटल्यांत दुसरी वाइन भरून त्या खऱ्या म्हणून विकल्या जातात, आणि खरी बाटली, खरं लेबल असल्यानं ओळखणं अवघड होतं. आठवण म्हणून ठेवायची असेल तर लेबलवर पक्क्या शाईच्या पेननं उघडल्याची तारीख आणि सोबत असलेल्यांची नावं लिहा. ठेवायची नसेल तर लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढा, बूच बाजूला काढून घ्या, आणि मगच बाटली द्या.